निमित्त, कारण आणि दोष : अपग्रेडनंतर मंदावलेल्या सर्व्हरची मीमांसा

लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या सर्व्हरचे अपग्रेड झाले आणि त्यानंतर त्याच्या नेटवर्क ॲडॉप्टरचा, म्हणजे यंत्राला जाळ्याशी जोडणाऱ्या कार्डाचा, वेग घसरला, तर त्या घसरणीचे कारण अपग्रेडच होय असे म्हणण्याचा अधिकार कोणाला आणि केव्हा प्राप्त होतो, हा प्रश्न वरवर पाहता तंत्रज्ञाच्या रोजच्या कामाचा वाटतो. परंतु त्याच्या मुळाशी कारण कशाला म्हणावे हा भारतीय दर्शनांनी शतकानुशतके चर्चिलेला प्रश्न आहे. आधी एक घडले आणि मागाहून दुसरे घडले, एवढे सांगणे हे क्रमाचे विधान असते आणि घड्याळ व नोंदवही यांच्या आधाराने ते सिद्ध करता येते. एकाने दुसरे घडवले असे म्हणणे मात्र कारणाचे विधान असते, आणि त्याला घड्याळाची साक्ष पुरत नाही. या दोन विधानांमधले अंतर ओलांडण्याचा मार्ग कोणता, आणि ते न ओलांडताच दोष ठरवला तर कोणावर अन्याय होतो, याचा विचार करणे हा या निबंधाचा हेतू आहे.

प्रथम अपग्रेड म्हणजे नेमके काय हे पाहिले पाहिजे. १९९१ मध्ये हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टॉरव्हाल्ड्स याने प्रसिद्ध केलेल्या लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल. यंत्रातील प्रोसेसर, स्मृती, डिस्क आणि जोडणीची कार्डे यांचा वापर कोणत्या प्रोग्रामने केव्हा आणि किती करावा हे कर्नल ठरवते. प्रत्येक कार्डाशी कर्नलने कसे बोलावे हे सांगणारा भाग म्हणजे ड्रायव्हर, आणि खुद्द कार्डाच्या आत चालणारा छोटा प्रोग्राम म्हणजे फर्मवेअर. अपग्रेडच्या एका कृतीत कर्नल बदलते, ड्रायव्हर बदलतो, काही वेळा फर्मवेअरही बदलते. त्याखेरीज पूर्वनिर्धारित मूल्ये, उपकरणांना नावे देण्याची रीत, सुरक्षेचे नियम आणि कामांची वाटणी करण्याच्या पद्धतीही बदलतात. कर्नलच्या एका नव्या आवृत्तीत साधारणपणे दहा हजारांहून अधिक स्वतंत्र बदल असतात. तेव्हा अपग्रेड ही एक घटना नसून असंख्य घटनांची मोळी आहे, आणि त्या मोळीला कारण म्हणणे म्हणजे मोळीतल्या कोणत्याच काडीचे नाव न घेता निकाल देण्यासारखे आहे.

या प्रश्नाचे महत्त्व शहरातल्या यंत्रदालनापुरते मर्यादित नाही. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आलेल्या वाशीम जिल्ह्यात, कारंजा तालुक्यातील धनजसारख्या गावी, सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविम्याचा अर्ज किंवा शिष्यवृत्तीची नोंदणी यांपैकी बहुतेक कामे आज दूरच्या कुठल्या तरी सर्व्हरवर अवलंबून आहेत. २०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट या नावाने ओळखल्या जाऊ लागलेल्या ऑप्टिकल फायबर योजनेचा उद्देश ग्रामपंचायतींपर्यंत ब्रॉडबँड नेण्याचा होता, आणि महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ याने अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरवला. परंतु खिडकीपाशी उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या कानी जेव्हा ‘सर्व्हर डाऊन आहे’ एवढेच शब्द पडतात, तेव्हा गावातला संगणक, केबल, स्विच, फायबर, मधले राउटर, दूरचे नेटवर्क कार्ड आणि त्यामागची माहितीची साठवण या संपूर्ण साखळीतील कोणती कडी कच्ची ठरली हे कळण्याची सोय नसते, आणि दोष सहजच समोर बसलेल्या माणसावर किंवा ज्याने शेवटचा हात लावला त्याच्यावर जाऊन पडतो. कारणाचा प्रश्न येथे न्यायाचा प्रश्न होतो.

असा विचार करण्यासाठी लागणारी वैचारिक सामग्री धनजच्या परिसराला परकी नाही. तालुक्याचे ठिकाण असलेले कारंजा (लाड) हे श्रीनृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान म्हणून दत्तसंप्रदायात पूज्य आहेच. शिवाय सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या दिगंबर जैन परंपरांची मंदिरे तेथे आहेत आणि त्यांच्या आश्रयाने हस्तलिखितांचे मोठे संग्रह जतन झाले. रायबहादूर हिरालाल यांनी १९२६ मध्ये नागपूरहून प्रसिद्ध केलेल्या मध्यप्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांच्या सूचीमुळे या संग्रहांकडे विद्वानांचे लक्ष वेधले गेले, आणि पुढे अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातील प्राध्यापक हीरालाल जैन तसेच प. ल. वैद्य यांनी येथील पोथ्यांच्या आधारे अपभ्रंश ग्रंथ संपादित केले. अनेक प्रतींत पाठ वेगवेगळे आढळले असता मूळ दोष कोणत्या लेखकाच्या हातून कोणत्या टप्प्यावर शिरला हे ठरवण्याची जी शिस्त या संपादनात लागते, तीच शिस्त, वेगळ्या विषयात, मंदावलेल्या सर्व्हरच्या तपासात लागते.

कारणाची काटेकोर व्याख्या करण्याचे श्रेय प्रामुख्याने न्यायदर्शनाला जाते. सतराव्या शतकातील अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ पाठशाळांत आजही न्यायाचे पहिले पुस्तक म्हणून शिकवला जातो. त्यात कार्याच्या आधी नियमाने असणारे ते कारण, असे सांगितले आहे. यातील नियमाने ही अट महत्त्वाची आहे, कारण आधी असणाऱ्या गोष्टी अगणित असतात. त्याच शतकातील विश्वनाथ न्यायपंचाननाने आणखी एक अट स्पष्ट केली, ती म्हणजे कारण हे ‘अन्यथासिद्ध’ नसावे, म्हणजे त्याच्यावाचूनही कार्याचा उलगडा होत असता कामा नये. घट घडण्याआधी कुंभाराचा दंड असतो आणि तो कारण आहे; परंतु दंडाचा रंग, सर्वत्र असणारे आकाश, कुंभाराचा पिता आणि माती वाहून आणणारे गाढव हेही आधी असतात, तरी त्यांना घटाचे कारण मानता येत नाही, असे नैयायिकांचे प्रसिद्ध विवेचन आहे. सर्व्हरच्या प्रकरणात हीच गाळणी लावता येते. अपग्रेडचा आदेश देणारा अधिकारी हा कुंभाराच्या पित्याच्या जागी असतो. त्याच दिवशी कोणी दुसरी केबल हलवली असेल, तर तिचा संबंध पारखल्याशिवाय ती कारण आहे की केवळ गाढवाप्रमाणे योगायोगाने हजर होती हे सांगता येत नाही. आणि नव्या आवृत्तीचा क्रमांक हा तर दंडाच्या रंगासारखा असतो, कारण वेग क्रमांकाने घटत नाही, त्या क्रमांकाखाली दडलेल्या एखाद्या विशिष्ट बदलाने घटतो.

गाळणीनंतर कसोटी येते, आणि ती अन्वय-व्यतिरेकाची असते. अन्वय म्हणजे एक असता दुसरे असणे आणि व्यतिरेक म्हणजे एक नसता दुसरे नसणे. अपग्रेड झाले आणि वेग घसरला हा केवळ अन्वय झाला, तोही एकाच ठिकाणचा. लिनक्सच्या बहुतेक वितरणांत, म्हणजे वापरासाठी तयार करून दिलेल्या संचांत, जुनी कर्नल काढून न टाकता राखून ठेवलेली असते आणि यंत्र सुरू होताना ती निवडता येते, त्यामुळे व्यतिरेकाची सोय तंत्रज्ञाच्या हाताशीच असते. बाकी काहीही न बदलता जुन्या कर्नलवर यंत्र सुरू केल्यास वेग परत आला, पुन्हा नव्या कर्नलवर नेल्यास तो पुन्हा घसरला, आणि हा फेरा अनेकदा केला तरी हाच अनुभव आला, तर कर्नलमधील बदलाचा कार्याशी नियत संबंध आहे असे म्हणण्यास आधार मिळतो. उलट जुन्या कर्नलवरही वेग मंदच राहिला, तर कर्नल निर्दोष ठरते आणि शोध केबल, स्विच किंवा त्याच सुमारास बदललेल्या इतर गोष्टींकडे वळवावा लागतो. पुढे दहा हजारांहून अधिक बदलांपैकी नेमका कोणता, हे शोधण्यासाठी कर्नलचे विकासक दुभाजनाची पद्धत वापरतात. बदलांच्या यादीच्या मध्यावरची स्थिती तपासून दोष कोणत्या अर्ध्यात आहे हे ठरवायचे आणि तो अर्धा पुन्हा दुभागायचा, असे केल्याने सुमारे चौदा चाचण्यांत एका बदलापर्यंत पोहोचता येते. व्यतिरेकाचेच हे पद्धतशीर रूप होय.

तथापि अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही जुळले तरी विचार संपत नाही, हे लिनक्सच्याच इतिहासातील एका प्रकरणातून स्पष्ट होते. संगणकांमधील माहितीची देवाणघेवाण ज्या टीसीपी नियमांनुसार होते, त्यांत माहिती स्वीकारणारा संगणक आपण एका वेळी किती बाइट घेऊ शकतो हे कळवत असतो, आणि त्या मर्यादेला विंडो म्हणतात. मूळ नियमांत या संख्येसाठी १६ बिटांचीच जागा असल्यामुळे ६५,५३५ बाइटांपलीकडे जाता येत नव्हते. म्हणून १९९२ च्या सुधारित नियमांत असे ठरले की संभाषणाच्या आरंभी दोन्ही बाजूंनी एक गुणक कळवावा आणि पुढे पाठवलेली संख्या त्या गुणकाने वाढवून वाचावी. २००४ मध्ये लिनक्सच्या २.६ मालिकेतील कर्नलने हा गुणक आपणहून ७ असा, म्हणजे दोनच्या सातव्या घाताएवढा, १२८ पट, कळवण्यास सुरुवात केली आणि काही वापरकर्त्यांना विशिष्ट संकेतस्थळे कमालीची मंद झाल्याचा अनुभव येऊ लागला. जुन्या कर्नलवर परतले की वेग पूर्ववत होई. अन्वय जुळला, व्यतिरेकही जुळला, आणि कर्नल दोषी आहे असे म्हणण्यास कोणतीही अडचण दिसत नव्हती.

वस्तुस्थिती निराळी निघाली. मार्गातील काही सदोष राउटर आरंभीच्या संदेशातील गुणक पुसून शून्य करत होते. स्वीकारणारा संगणक ५,८४० बाइटांची तयारी सांगण्यासाठी ठरलेल्या रीतीने ४५ हा आकडा पाठवी, कारण १२८ ने वाढवून वाचल्यावर तो जवळपास तेवढाच होतो. परंतु पाठवणाऱ्याला गुणक कळलेलाच नसल्यामुळे तो अक्षरशः ४५ बाइट एवढीच जागा आहे असे समजे आणि माहिती थेंबाथेंबाने सोडी. २००६ मध्ये २.६.१७ या आवृत्तीत बफरची, म्हणजे येणारी माहिती तात्पुरती ठेवण्याच्या जागेची, मर्यादा वाढली तेव्हा हीच तक्रार पुन्हा उद्भवली. नव्या कर्नलचे वर्तन नियमाला धरून होते. नियम मोडत होते ते मधले राउटर, आणि त्यांचा दोष आधीपासूनच होता, फक्त त्याचा परिणाम दिसण्याची वेळ आली नव्हती.

न्यायाच्या परिभाषेत येथे ‘उपाधी’ उपस्थित आहे. जेथे अग्नी तेथे धूर, ही व्याप्ती, म्हणजे नियत साहचर्य, खरी नाही, कारण तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो पण धूर नसतो. ओले सरपण असेल तेव्हाच अग्नीबरोबर धूर येतो, आणि ओले सरपण ही त्या व्याप्तीची उपाधी होय. त्याचप्रमाणे जेथे नवी कर्नल तेथे मंदपणा, ही व्याप्ती सदोष राउटरच्या उपाधीने ग्रस्त होती, आणि याची खूण अनुभवातच होती : मंदपणा सर्व संकेतस्थळांवर नव्हता, काहींवरच होता. बिघाड कोठे आहे एवढाच प्रश्न विचारणारा तंत्रज्ञ अर्धे काम करतो. बिघाड कोठे नाही हे विचारणाऱ्यालाच उपाधी सापडते.

मात्र यावरून अपग्रेडचा या मंदपणाशी काहीच संबंध नव्हता असे म्हणणेही चूक ठरेल. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडावी, तसा हा निव्वळ योगायोग नव्हता, कारण अपग्रेड न होता तर मंदपणा आला नसता. येथे प्रतिबंधकाचा विचार उपयोगी पडतो. अग्नीजवळ विशिष्ट मणी ठेवला तर तो जाळत नाही आणि मणी दूर केला की जाळतो, असे पारंपरिक उदाहरण घेऊन मीमांसक म्हणतात की अग्नीत दाहक नावाची एक अदृश्य शक्ती असते आणि मणी ती अडवतो. नैयायिक अशी वेगळी शक्ती मानत नाहीत. त्यांच्या मते प्रतिबंधकाचा अभाव हाही दाहाच्या कारणसामग्रीचा एक घटक आहे. जुन्या कर्नलचा मर्यादित गुणक हा राउटरच्या दोषाला अडवून धरणारा मणी होता आणि अपग्रेडने तो दूर केला. नैयायिकाच्या दृष्टीने अपग्रेड कारणसामग्रीत येते, आणि तरीही मणी उचलणाऱ्याला आग लावणारा म्हणता येत नाही. सामग्रीचा घटक असणे आणि दोषाचे अधिष्ठान असणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, आणि दोषनिर्णयातील बहुतेक अन्याय त्यांची गल्लत केल्याने होतात.

कारणाचा शोध ज्या ज्ञानसाधनांनी घ्यायचा त्यांचीही परीक्षा करावी लागते. न्यायसूत्रांनी प्रत्यक्षाची व्याख्या करताना ते अव्यभिचारी, म्हणजे वस्तूला सोडून न जाणारे, असावे अशी अट घातली आहे, आणि भाष्यकार वात्स्यायनाने मृगजळाचे उदाहरण देऊन ती समजावली आहे. नेटवर्कच्या तपासात असे मृगजळ वारंवार भेटते. टीसीपीडम्प हा प्रोग्राम ये-जा करणारी पॅकेटे, म्हणजे माहितीचे तुकडे, टिपून दाखवतो. पण आधुनिक कार्डे मोठ्या तुकड्याचे लहान तुकडे करण्याचे आणि त्याची बेरीज-पडताळणी करण्याचे काम कर्नलकडून स्वतःकडे घेतात, ज्याला ऑफलोड म्हणतात, आणि पाठवली जाणारी पॅकेटे टीसीपीडम्प हे काम होण्यापूर्वी टिपतो. परिणामी १,५०० बाइटांची मर्यादा असलेल्या जाळ्यावर त्याहून कितीतरी मोठी पॅकेटे गेल्याचे आणि पडताळणीची बेरीज चुकल्याचे दिसते, जरी तारेवर सर्व यथास्थित असले तरी. साधन कोठे बसून पाहत आहे हे न जाणणारा तपासनीस नसलेल्या दोषाच्या मागे लागतो. याउलट योग्य जागी घेतलेले साधे मोजमाप पुष्कळ काही सांगून जाते. आयपर्फ या प्रोग्रामने डिस्कला मध्ये न आणता एका यंत्राच्या स्मृतीतून दुसऱ्याच्या स्मृतीत माहिती पाठवली असता एक गिगाबिटच्या जोडणीवर सुस्थितीत सुमारे ९४० मेगाबिट वेग मिळतो. तो ९४ च्या आसपास दिसला, तर जोडणी शंभर मेगाबिटवर उतरली आहे असे अनुमान बांधता येते आणि ईथटूल या आज्ञेने ते प्रत्यक्षात पडताळता येते. गिगाबिटसाठी केबलमधील तारांच्या चारही जोड्या लागतात आणि शंभर मेगाबिटसाठी दोनच पुरतात, म्हणून एखादी जोडी तुटली तरी जोडणी जिवंत राहू शकते, फक्त क्षीण होते. अपग्रेडसाठी यंत्र बंद करून पुन्हा सुरू करताना अशी जोडणी नव्याने ठरते, आणि कितीतरी आधी नादुरुस्त झालेली केबल नव्या कर्नलच्या नावावर जमा होते.

याहून सूक्ष्म प्रकार असा की दोष दोन्ही टोकांपैकी कोणत्याच एका टोकाला नसतो. सर्व्हरचे कार्ड आणि स्विच यांनी वेग किती आणि बोलणे-ऐकणे एकाच वेळी करायचे की आळीपाळीने, हे आपसांत ठरवण्याच्या रीतीला ऑटोनिगोशिएशन म्हणतात, आणि एकाच वेळच्या संभाषणाला फुल डुप्लेक्स व आळीपाळीच्या संभाषणाला हाफ डुप्लेक्स म्हणतात. स्विचवर शंभर मेगाबिट आणि फुल डुप्लेक्स असे हाताने पक्के केलेले असेल आणि सर्व्हरवरही तसेच असेल, तर काम सुरळीत चालते. अपग्रेडमध्ये सर्व्हरवरचे ते मूल्य जाऊन त्याच्या जागी ऑटोनिगोशिएशन आले, तर सर्व्हरला समोरच्याचा वेग ओळखता येतो, पण डुप्लेक्स ओळखता येत नाही, आणि नियमानुसार तो हाफ डुप्लेक्स धरतो. लहानशा चाचणी-पॅकेटांना उत्तर वेळेवर येते, त्यामुळे जोडणी ठीक असल्याचा निर्वाळा मिळतो. मोठी फाइल जाऊ लागली की टकरी होऊन वेग कोसळतो. सर्व्हरचे मूल्य एकटे पाहिले तर योग्य, स्विचचे मूल्य एकटे पाहिले तर तेही योग्य, आणि तरी जोडणी सदोष. न्यायवैशेषिकांनी संयोग हा गुण दोन द्रव्यांत मिळून राहतो असे मानले आहे. दोषही असा दोहोंत मिळून राहू शकतो, हे मान्य केले की तो कोणाचा या प्रश्नाचे उत्तर एका नावाने देण्याचा हट्ट सुटतो.

कारंज्याच्या पोथ्यांतून जतन झालेली जैन विचारपरंपरा या हट्टाची चिकित्सा अधिक खोलवर करते. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रानुसार प्रत्येक सत् वस्तू उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य यांनी युक्त असते. म्हणजे तिच्यात काही निर्माण होते, काही नाहीसे होते आणि काही टिकून राहते. अपग्रेड झालेला सर्व्हर तोच की दुसरा, या प्रश्नाला यावरून उत्तर मिळते : द्रव्याच्या दृष्टीने तोच आणि पर्यायाच्या, म्हणजे अवस्थेच्या, दृष्टीने दुसरा. हा केवळ शब्दच्छल नाही. २०१३ च्या सुमारास लिनक्स वितरणांत नेटवर्क कार्डांना नावे देण्याची नवी पद्धत रूढ होऊ लागली आणि पूर्वी ‘ईथ-शून्य’ म्हणून ओळखले जाणारे कार्ड अपग्रेडनंतर त्याच्या यंत्रातील जागेवरून ठरलेल्या वेगळ्या नावाने वावरू लागले. पॅकेटचा आकार, ऑफलोडची निवड किंवा स्मृतीतील रांगेची लांबी यांविषयी वर्षानुवर्षे जपलेली मूल्ये जुन्या नावाशी बांधलेली असतील, तर ती कोणालाही न लागता पडून राहतात आणि कार्ड पूर्वनिर्धारित मूल्यांवर चालते. कार्ड ध्रुव राहिले, नावाचा व्यय झाला, आणि त्याबरोबर नावाच्या आश्रयाने असलेली मूल्येही नाहीशी झाली. तेच यंत्र आहे म्हणून तेच वर्तन असले पाहिजे, हा जैन परिभाषेत एकांत, म्हणजे एकाच बाजूचा आग्रह. सर्व नवे आहे म्हणून जुन्याची चौकशी व्यर्थ, हाही एकांतच.

मंदपणा हा दोष मानावा काय, हेही पाहणाऱ्याच्या प्रयोजनावर अवलंबून असते. सोन्याचा घट मोडून मुकुट केला असता घट हवा असणारा शोक करतो, मुकुट हवा असणारा आनंदतो आणि सोने हवे असणारा तटस्थ राहतो, असा दृष्टांत आचार्य समंतभद्रांनी आप्तमीमांसेत दिला आहे. सर्व्हरच्या बाबतीतही असेच होते. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाऊन आणि स्पेक्टर या नावांनी प्रोसेसरांतील दोष उघड झाले, आणि ते झाकण्यासाठी कर्नलमध्ये केलेल्या बदलांनी कर्नलकडे वारंवार जावे लागणाऱ्या कामांचा, नेटवर्कच्या कामांसह, वेग काही प्रमाणात घटला. वापरकर्त्याला तो मंदपणा तोटा वाटला, तर नागरिकांची माहिती सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी असणाऱ्याला ते मोजलेले मूल्य वाटले. यांपैकी प्रत्येक दृष्टी जैन परिभाषेत एक ‘नय’, म्हणजे वस्तूच्या एका अंगाला स्पर्श करणारे ज्ञान, आहे. ती आपल्यापुरती खरी असते, आणि आपणच संपूर्ण आहोत असे म्हणू लागली की नयाभास, म्हणजे नयाचा खोटा भास, ठरते.

याच परंपरेत उपादान आणि निमित्त यांचा भेद केला जातो. जे स्वतः कार्यरूपाने परिणत होते ते उपादान आणि त्या परिणतीच्या वेळी जे बाहेरून अनुकूल ठरते ते निमित्त. वर पाहिलेल्या प्रकरणांपैकी तुटलेल्या तारेत आणि सदोष राउटरमध्ये अपग्रेड निमित्त होते, उपादान अन्यत्र होते. परंतु अपग्रेड नेहमीच निमित्त असते असा नियम करता येत नाही. जून २०१९ मध्ये टीसीपीच्या एका गंभीर त्रुटीवर घाईने आलेल्या दुरुस्तीनेच काही प्रोग्रामांची देवाणघेवाण खुंटली आणि त्या दुरुस्तीची पुन्हा दुरुस्ती करावी लागली. तेथे दोष नव्या कर्नलमध्येच होता. नव्याला सदैव निर्दोष मानणे हा जुन्याला सदैव निर्दोष मानण्याइतकाच पूर्वग्रह आहे, आणि म्हणूनच प्रत्येक प्रकरणाची स्वतंत्र परीक्षा अपरिहार्य ठरते.

यावर व्यवहारी मनुष्य आक्षेप घेईल की खिडकीपाशी माणसे खोळंबली असताना कारणाची मीमांसा कशाला. जुनी आवृत्ती परत आणावी आणि काम सुरू करावे. या आक्षेपाला मोठा आधार आहे. १९५६ च्या धर्मांतरानंतर विदर्भात घरोघरी पोहोचलेल्या बुद्धविचारात विषारी बाण लागलेल्या माणसाचा दृष्टांत प्रसिद्ध आहे : बाण कोणी मारला, त्याचे कुळ कोणते, धनुष्य कशाचे, हे कळेपर्यंत बाण काढू देणार नाही असे म्हणणारा मरून जाईल. पीडा आधी दूर करावी हे खरेच, आणि जुन्या कर्नलवर परतणे हा त्यासाठी योग्य उपाय असू शकतो. परंतु बुद्धांनी नाकारले ते दुःखनिवृत्तीला निरुपयोगी असलेले कुतूहल. दुःखाच्या कारणाचा शोध त्यांनी नाकारला नाही, उलट चार आर्यसत्यांत दुसरे स्थान त्यालाच दिले. जुन्या आवृत्तीवर परतल्याने मणी पुन्हा जागेवर येतो आणि दाह थांबतो, पण सदोष राउटर सदोषच राहतो, नव्या आवृत्तीत बुजवलेली सुरक्षेची भगदाडे पुन्हा उघडतात, आणि पुढल्या अपग्रेडला तोच प्रसंग अधिक अवघड होऊन उभा राहतो. परतणे हा उपशम आहे. त्याला निर्णय समजणे ही चूक आहे.

या विवेचनातून निघणारा निष्कर्ष असा की पूर्ववर्तित्वावरून कारण ठरत नाही, कारणसामग्रीत असण्यावरून दोष ठरत नाही, आणि दोष ठरवण्याचा अधिकार व्यतिरेकाची कसोटी व उपाधीचा शोध पूर्ण केल्यावरच प्राप्त होतो. अहिंसेला परम धर्म मानणाऱ्या जैन परंपरेने अनेकांताचा, म्हणजे वस्तूच्या अनेक बाजू पाहण्याचा, आग्रह धरावा यात विसंगती नाही, कारण अपुऱ्या ज्ञानावर आधारलेला आरोप निरपराधाला इजा करतो. गावातल्या सेवा केंद्राचा चालक असो, रात्री उशिरापर्यंत बसून अपग्रेड करणारा कनिष्ठ तंत्रज्ञ असो, किंवा जगाच्या दुसऱ्या टोकाला विनामोबदला ड्रायव्हर लिहिणारा विकासक असो, त्यांच्यापैकी प्रत्येकाला तपासाशिवाय दोषी न ठरवले जाण्याचा हक्क आहे; आणि धनजच्या शेतकऱ्यालाही आपले काम का अडले याचे खरे उत्तर मिळण्याचा तितकाच हक्क आहे.

म्हणून ज्यांच्या हाती लोकांच्या कामाची यंत्रे आहेत त्यांनी अपग्रेडच्या आधीचा वेग मोजून लिहून ठेवावा, एका वेळी एकच गोष्ट बदलावी, केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद पुढच्या माणसाला वाचता येईल अशा भाषेत करावी, आणि कारण सापडल्याची खात्री ते काढून व पुन्हा घालून पाहिल्याशिवाय मानू नये. आणि ज्यांना त्या यंत्रांपुढे थांबावे लागते त्यांनी सर्व्हर डाऊन आहे या उत्तरावर समाधान न मानता, कोणता भाग, केव्हापासून आणि कशावरून, हे तीन प्रश्न शांतपणे विचारावेत. ते विचारण्याचा अधिकार ज्ञानाने दिलेला आहे आणि आता कायद्यानेही दिलेला आहे.